सुभेदारांनी भिंतीवरचा फोटो का काढला

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आमचे हे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. इंजिनिअर्समध्ये होते, चोवीस वर्षं नोकरी झाली. 2013 साली उत्तराखंडात पूर आला तेव्हा हे तिकडेच होते. मुलगा एकवीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अभ्यासात हुशार आहे, पण मोबाइल हातात आला की त्याला जगातलं सगळंच खोटं वाटायला लागतं.

सतरा दिवसांपूर्वी रात्री जेवताना टीव्हीवर बाहेरच्या कुठल्याशा देशात सैनिकांनी ओलिसांना सोडवल्याची बातमी चालू होती. हे कौतुकानं बघत होते. मुलगा म्हणाला, "पप्पा, हे सगळं शूटिंग असतंय. अमेरिकेनं जेसिका लिंच नावाच्या पोरीची सुटका अशीच रचली होती. रिकामे बार काढले आणि कॅमेरा लावला. सगळ्यांचं सैन्य हेच करतंय, आपलंपण." हे काही बोलले नाहीत. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. सकाळी बघते तर हॉलमधला यांचा वर्दीतला फोटो आणि शेजारचं उत्तराखंडचं प्रशस्तिपत्र भिंतीवर नाही. दोन्ही ट्रंकेत ठेवून दिलेलं. तेव्हापासून बाप-लेकात बोलणं नाही. मी दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढते.

मुलाला ओरडू की यांना समजावू?

ता. क. एक गोष्ट मी दोघांनाही सांगितलेली नाही. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा माझ्या माहेरी, मोहोळ तालुक्यात, घरात पाणी शिरलं. माझ्या आईला आणि भावाला गावातल्या मासे धरणाऱ्या चार पोरांनी रात्रीच होडीतून बाहेर काढलं. जवानांची बोट सकाळी आली, तिनं मागची गल्ली काढली. एका वाहिनीनं मात्र सगळं गाव जवानांनी वाचवलं असं सांगितलं. यांनी ती बातमी मला अभिमानानं दाखवली आणि मी गप्प बसले. आता रात्री झोप लागत नाही. पोराचंच खरं तर नसेल?

– एक आई, सोलापूर

उत्तर

ताई, तुमच्या ता. क. पाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. त्याकडे शेवटी येते. आधी तुमच्या मुलानं ज्या मुलीचं नाव घेतलं तिची हकिकत पूर्ण सांगते, कारण त्यानं ती अर्धीच पाहिलेली दिसते.

जेसिका लिंच अमेरिकी लष्करात साधी शिपाई होती, वय 19. 23 मार्च 2003 रोजी इराकमधल्या नासिरिया शहरात तिची देखभाल-दुरुस्तीची तुकडी रस्ता चुकली आणि हल्ल्यात सापडली. तुकडीतले 11 जण गेले. ती जबर जखमी अवस्थेत पकडली गेली आणि तिथल्या इस्पितळात पोचली. 1 एप्रिलच्या रात्री अमेरिकी कमांडोंनी इस्पितळावर छापा घालून तिला परत आणलं. अंधारातलं ते हिरवट चित्रण लष्करानंच केलं होतं आणि लष्करानंच वाहिन्यांना दिलं. 3 एप्रिलला 'वॉशिंग्टन पोस्ट'नं पहिल्या पानावर छापलं की ही मुलगी गोळ्या संपेपर्यंत लढली, तिला गोळ्या लागल्या, तिला भोसकलंही. हे सगळं सांगणारे कोण, तर नाव न देणारे अधिकारी.

प्रत्यक्षात तिची बंदूक अडकली होती. तिनं एकही गोळी झाडली नव्हती. हाडं मोडली होती ती गाडी आदळल्यामुळे. इराकी डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी तिची नीट शुश्रूषा केली होती. हे तिनं स्वतः सांगितलं, लपवलं नाही. शेवटपर्यंत लढल्याचं ते वर्णन कदाचित त्याच तुकडीतल्या, त्या दिवशी मारल्या गेलेल्या दुसऱ्या सैनिकाचं असावं, असंही पुढे बोललं गेलं. तसं असेल तर त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल, याचा विचार मला अजून सोडत नाही. त्यांच्या मुलाचं शौर्य महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या नावावर जगभर फिरत होतं.

इथपर्यंत तुमचा मुलगा बरोबर आहे. पण पुढचं त्याच्या व्हिडिओत नसणार. मे 2003 मध्ये बीबीसीनं या सुटकेवर कार्यक्रम केला. इराकी सैनिक आदल्या दिवशीच इस्पितळ सोडून गेले होते, असं तिथल्या डॉक्टरांनी त्यात सांगितलं. हे महत्त्वाचं होतं आणि ते पुढे यायलाच हवं होतं. पण त्याच कार्यक्रमातून 'रिकामे बार, सिनेमासारखा देखावा' हेही जगभर गेलं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली. छापा हा बनाव होता या आरोपाला आधार सापडला नाही, असं 24 एप्रिल 2007 रोजी तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगण्यात आलं. मुलगा म्हणेल, चौकशीही त्यांचीच. म्हणू दे. मग आपण लिंचचंच ऐकू. त्याच दिवशी, त्याच समितीपुढे तीही आली होती. आपल्याला दंतकथा का बनवलं गेलं हे आपल्याला अजून कळत नाही, असं ती म्हणाली. त्याच्या चार वर्षं आधी, 2003 च्या मुलाखतीतही तिनं सांगितलं होतं की आपला वापर केला गेला आणि ते चित्रण कशाला केलं ते कळत नाही. आणि त्याच मुलाखतीत हेही सांगितलं की जे आले ते स्वतःचा जीव धोक्यात घालून आले, आणि मी त्यांची ऋणी आहे.

खाटेवर पडलेल्या त्या मुलीला दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या. सैनिक आले ते खरे होते. त्यांच्याबद्दल आणि तिच्याबद्दल जे सांगितलं गेलं त्यात भर घातलेली होती. तुमच्या जेवणाच्या टेबलावर मात्र एकाला पहिली गोष्ट दिसली, दुसऱ्याला दुसरी, आणि अर्धी भाकरी ताटात राहिली.

आता सुभेदारसाहेबांबद्दल. मला वाटतं तुम्ही मुलाच्या बोलण्यातले शब्द ऐकले आणि त्यांनी शेवटचा एकच शब्द ऐकला: "आपलंपण." जून 2013 मध्ये उत्तराखंडात काय झालं हे आपण टीव्हीवर पाहिलं. ते त्यात उभे होते. लष्कर, हवाई दल, एनडीआरएफ, आयटीबीपी या सगळ्यांनी मिळून लाखाच्या वर माणसं खाली आणली. वाहून गेलेल्या पुलांच्या जागी दोर बांधून, लाकडं टाकून वाटा केल्या त्या इंजिनिअर्सच्या लोकांनी. 25 जूनला गौरीकुंडजवळ हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळलं आणि बचावकार्यातले 20 जण एका क्षणात गेले. तुमच्या यजमानांनी त्या दिवशी काय पाहिलं, कुणाला ओळखत होते, हे तुम्हाला माहीत आहे का? बहुतेक नसेल. फौजी माणसं घरी येऊन अशा गोष्टी सांगत नाहीत, हे मी माझ्या सख्ख्या मामात पाहिलंय. मग ज्यानं कधी गोष्ट सांगितलीच नाही, त्याला मुलगा म्हणतो तुमची गोष्ट खोटी. त्यांनी फोटो काढून ठेवला तो रुसून ठेवला नाही. माझ्या मते त्यांना आपल्याच घरात तो फोटो दाखवायची लाज वाटायला लागली, आणि ती लाज त्यांनी बाळगण्याचं काहीच कारण नाही.

त्याच उत्तराखंडातली आणखी एक गोष्ट मुलाला सांगा. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या एका पूरग्रस्ताच्या खांद्यावर बसून एका वाहिनीच्या वार्ताहरानं वृत्तांकन केलं. ते चित्रण पसरलं, देशभर संताप झाला, त्याची नोकरी गेली. त्याच दिवसांत, त्याच डोंगरात, मुलाच्या वडिलांसारखे जवान म्हाताऱ्याकोताऱ्यांना खांद्यावर घेऊन उतरत होते. बातमी सांगणाऱ्यावर राग काढायचा तर जरूर काढावा. पण माणूस वाहणारा खांदा आणि माणसावर बसलेला वार्ताहर हे वेगळे आहेत, एवढं ओळखूनच तो राग काढावा.

माझ्याही पदरात एक गोष्ट आहे. ती मी आजवर या सदरात लिहिली नव्हती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. विसर्जनाची रात्र होती. सोलापुरातही आम्ही घराबाहेर पळालो होतो. मी तेव्हा एका दैनिकात मुद्रितशोधक होते, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. दुपारपासून सिव्हिलला ट्रक भरभरून जखमी यायला लागले आणि कार्यालयात फोन थांबेनात. अमुक गावात अमुक जिवंत सापडला, लष्करानं बाहेर काढला. पडताळायला वेळ नव्हता, बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं सोडायची होती. दुसऱ्या रात्री अशी एक बातमी नावासकट छापली गेली. ते मुद्रित मी वाचलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ तपासले, नाव बरोबर आहे का ते तपासलं, माणूस जिवंत आहे का हे तपासणं माझं काम नव्हतं असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. सकाळी तो अंक हातात घेऊन त्याचे नातेवाईक टेम्पोनं किल्लारीकडे निघाले. संध्याकाळी परत आले ते कार्यालयातच आले. त्यातला एक म्हातारा काही न बोलता माझ्या टेबलावर अंक ठेवून गेला. मला त्याचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.

त्यानंतर आम्ही सगळे फार सावध झालो. इतके, की पाचव्या दिवशी मंगरूळहून बातमी आली तेव्हा कुणी विश्वासच ठेवेना. दीड वर्षाची मुलगी, ढिगाऱ्याखाली, पलंगाच्या आडोशाला, पाच दिवसांनी जिवंत. लष्कराच्या अधिकाऱ्यानं आत शिरून बाहेर काढली. पाळीप्रमुख म्हणाले, पुन्हा तीच अफवा, बाजूला ठेवा. मीही मान हलवली. ती बातमी खरी होती. ती मुलगी जगली, मोठी झाली.

एका आठवड्यात आम्ही खोट्या बातमीला होकार दिला आणि खरीला नकार, दोन्ही न तपासता. तुमच्या मुलाला मला हेच सांगायचं आहे. "सगळं खरं" म्हणणाऱ्याला जेवढी मेहनत टाळता येते, तेवढीच "सगळं खोटं" म्हणणाऱ्यालाही टाळता येते. मंगरूळची हकिकत आज कुणी त्याला व्हिडिओत दाखवली तर तो पहिल्या दहा सेकंदांत म्हणेल, स्क्रिप्ट आहे. लहान मूल, वर्दीतला माणूस, पाच दिवस, सगळं सिनेमासारखं. आणि तरी ते घडलं, आपल्यापासून जवळच.

पहिली हकिकत इतक्या वेळा चुकते का, हे त्यानं समजून घ्यावं, कारण प्रत्येक वेळी कुणीतरी बसून खोटं रचलेलं असतंच असं नाही. छाप्यात असलेला सैनिक वार्ताहराशी बोलत नाही. तो आपल्या वरच्याला सांगतो, तो मुख्यालयाला, मुख्यालय प्रवक्त्याला, आणि मग रात्रीच्या वेळी एक अधिकारी नाव न देता वार्ताहराला. प्रत्येक पायरीवर थोडं गळतं, थोडं चिकटतं, आणि चिकटतं ते बहुधा बोलणाऱ्याला आवडणारं असतं. 1972 मध्ये म्युनिक ऑलिम्पिकच्या वेळी इस्रायली खेळाडू ओलीस होते. विमानतळावर गोळीबार झाला त्या रात्री जर्मन सरकारच्या प्रवक्त्यानं मोहीम यशस्वी झाल्याचं सांगितलं, सकाळच्या काही वृत्तपत्रांत ओलीस सुटल्याच्या बातम्या छापूनही आल्या. खरं म्हणजे एकही ओलीस वाचला नव्हता. 11 जण गेले.

आणि कधी कधी चूक खुद्द सैनिकाच्या गप्प बसण्यात असते. 8 ऑक्टोबर 2010 ला अफगाणिस्तानात लिंडा नॉरग्रोव्ह या ब्रिटिश मदतकार्यकर्तीला सोडवायला अमेरिकी तुकडी गेली. ती त्यात मारली गेली. अपहरणकर्त्यांनी स्फोट केला, असं ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं. तीन दिवसांनी, 11 तारखेला, खुद्द पंतप्रधान कॅमेरन यांनी देशाला सांगितलं की कदाचित तिला सोडवायला गेलेल्यांच्याच हातबॉम्बनं ती गेली असावी. त्या मोहिमेचं चित्रण पुन्हा बारकाईनं पाहिल्यावर हे लक्षात आलं होतं. हातबॉम्ब टाकणाऱ्यानं आपल्या वरिष्ठांना तो टाकल्याचं लगेच सांगितलं नव्हतं. मला या प्रकरणातले ते तीन दिवस मोलाचे वाटतात. पहिली हकिकत चुकीची होती, आणि ती दुरुस्त केली तीही अधिकृत यंत्रणेनंच. "अधिकृत म्हणजे खोटं" असं सूत्र धरून बसलेल्याला ही दुरुस्ती कधी दिसणारच नाही, कारण त्यानं पहिल्याच दिवशी ऐकणं बंद केलेलं असतं.

आपल्या देशातही एक नियम झाला आहे तो घरात माहीत असू द्या. 26/11 च्या वेळी वाहिन्यांनी कमांडो कुठून उतरताहेत हे थेट दाखवलं आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. 2012 च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. मार्च 2015 पासून केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला. अतिरेकीविरोधी मोहीम चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच दाखवायचं. मला हा नियम योग्य वाटतो, सैनिकांचे आणि ओलिसांचे जीव त्यावर अवलंबून असतात. पण याचा अर्थ असा की मोहीम संपेपर्यंत आपल्यापुढे एकाच बाजूचं सांगणं असतं. ते चूक असेलच असं नाही, पण ते एकाच बाजूचं आहे हे ऐकणाऱ्यानं लक्षात ठेवायचं. पहिल्या दिवशी मी कुठलीही सुटकेची बातमी कच्च्या मडक्यासारखी हाताळते. टाकून देत नाही, आणि त्यात पाणीही भरत नाही.

मग भरवसा कधी ठेवायचा? मी सुटलेल्या माणसाच्या बोलण्याची वाट पाहते. तो घरी पोचला, चार दिवस झोपला, आणि मग बोलला की बरंच धुकं निवळतं. तिथले डॉक्टर काय म्हणतात, शेजारपाजारचे काय म्हणतात, ते पाहते. आकडे रोज बदलताहेत की एका जागी थांबलेत ते पाहते. "सूत्रांनी सांगितलं" असं असेल तर ते सूत्र तिथे हजर होतं का, हा प्रश्न मनात ठेवते. आणि हे सगळे प्रश्न मी त्या शंका घेणाऱ्या व्हिडिओलाही विचारते. तो बनवणारा नासिरियाला गेला होता का? त्यानं लिंचची साक्ष वाचली का? तुमचा मुलगा इंजिनिअर होतोय. एक माप चुकलं म्हणून तो फूटपट्टी फेकून देत नाही, दुसऱ्या पट्टीनं मोजून बघतो. इथेही तेच करायचं आहे.

शिवाय एकाच सरकारचं, एकाच देशाबद्दलचं, एकाच महिन्यातलं बोलणं एका बाबतीत खरं ठरू शकतं आणि दुसऱ्या बाबतीत नाही. जून 2014 मध्ये इराकमध्ये तिक्रितला 46 भारतीय परिचारिका अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. त्या सुखरूप येतील असं सांगितलं जात होतं, आणि 5 जुलैला त्या कोचीला उतरल्या. त्याच जूनमध्ये मोसुलजवळ 39 भारतीय मजूर पळवले गेले. त्यांच्यातून निसटून आलेला एकटा माणूस सांगत होता की बाकीच्यांना गोळ्या घातल्या. सरकार जवळपास चार वर्षं म्हणत राहिलं की ते मेल्याचा पुरावा नाही. मार्च 2018 मध्ये पुरलेले मृतदेह सापडून डीएनए जुळल्यावर राज्यसभेत त्यांचा मृत्यू जाहीर झाला. पुराव्याशिवाय कुणाला मृत म्हणायचं नाही ही भूमिका मला समजते. पण त्या एका माणसाचं कुणी ऐकून घेतलं नाही, त्याच्यावर अविश्वास दाखवला गेला, हे मला आजही खुपतं. चार वर्षं त्या घरांतल्या बायका कुंकू लावावं की पुसावं या प्रश्नात अडकून राहिल्या. शंका घेणं हा सैन्याचा किंवा देशाचा अपमान आहे असं सुभेदारसाहेबांना वाटत असेल, तर त्यांना ही गोष्ट सांगा. तिथे कुणीतरी अधिक शंका घ्यायला हवी होती.

आणि सोलापूरच्या माणसाला हे वेगळं कशाला सांगायचं. मे 1930 मध्ये या शहरावर मार्शल लॉ लागला. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली. सरकारी कागदावर ते पोलिसांच्या खुनातले गुन्हेगार होते. आपण त्यांना हुतात्मे म्हणतो, रोज त्यांच्या पुतळ्यांवरून रिक्षा वळते. सोलापूरकरांनी सरकारी हकिकत नाकारली ती त्या दिवसांत याच रस्त्यांवर काय घडलं हे स्वतः पाहिलेल्या माणसांच्या सांगण्यावरून. घरी बसून "सगळंच खोटं" म्हणून नव्हे.

आता तुमचा ता. क.

ताई, या सगळ्या प्रकरणात डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार फक्त तुमच्याकडे आहे. तुमचा भाऊ. बाप-लेक नासिरियावरून भांडताहेत, जिथे दोघंही गेलेले नाहीत, आणि सीनाकाठची हकिकत तुमच्या मनात बंद आहे. तुम्ही गप्प बसलात ते नवऱ्याचा अभिमान दुखावू नये म्हणून, हे मला कळतं. मीही बसले असते. पण त्या गप्प बसण्यानं चार पोरांचं काम पुसलं गेलं. वाहिनीनं ते एकदा पुसलं, आपण दुसऱ्यांदा.

आणि नीट बघितलंत तर त्या रात्रीच्या हकिकतीत तुमच्या घरातल्या दोघांचंही म्हणणं सापडतं. वाहिनीनं वाढवून सांगितलं, म्हणजे मुलाची शंका रास्त. सकाळी जवानांची बोट आली आणि मागची गल्ली खरोखर बाहेर काढली, म्हणजे सुभेदारसाहेबांचा अभिमानही रास्त. "पोराचंच खरं तर नसेल?" असं तुम्ही विचारलंत. त्याचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्या मागच्या गल्लीतल्या लोकांना विचारावं लागेल.

म्हणून माझा सल्ला असा. मुलाला ओरडू नका आणि यांना समजावूही नका. येत्या रविवारी दोघांना घेऊन माहेरी जा. कारण सांगायचंच तर आईला बघायला जायचं म्हणा, खोटं होणार नाही. जेवणं झाल्यावर भावाला म्हणा, त्या रात्रीचं पहिल्यापासून सांग. पाणी किती वाजता उंबऱ्याला लागलं, होडी कुणी आणली, आईला कुणी उचललं, जवान आले तेव्हा कोण कोण उरलं होतं. मध्ये बोलू नका. मुलाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, त्याला ते काम आवडेल. मग मागच्या गल्लीत जाऊन ज्यांना जवानांनी काढलं त्यांच्याकडूनही ऐका. मला खात्री आहे की सुभेदारसाहेब तिथे गप्प बसणार नाहीत. अंधारात, ओढ असलेल्या पाण्यात होडी वळवणं काय असतं हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ते प्रश्न विचारतील. दोर होता का, वल्हं कुणाकडे होतं, भिंत पडली तेव्हा कुठे होतात. आणि तुमचा मुलगा कदाचित पहिल्यांदाच आपल्या वडिलांना त्यांच्या कामाबद्दल बोलताना ऐकेल. उत्तराखंडचा विषय तुम्ही काढू नका. तो निघायचा असेल तर तिथेच निघेल, आणि नाही निघाला तरी चालेल.

परत आल्यावर त्या वाहिनीला पत्र लिहायचं असेल तर मुलाला लिहू द्या आणि सुभेदारसाहेबांना ते वाचून सही करू द्या. जवानांनी काय केलं आणि पोरांनी काय केलं, दोन्ही त्यात असू दे. त्यांनी दुरुस्ती केली नाही तरी ग्रामपंचायतीत एक प्रत द्या.

फोटो परत भिंतीवर लावायची घाई करू नका, आणि तुम्ही तर लावूच नका. मुलानं विचारलं तर ट्रंक कुठे आहे ते सांगा.

निघायच्या आधी, आज रात्रीच, एक काम करा. यांचं ताट वाढल्यावर शेजारी बसा आणि त्या चार पोरांची नावं त्यांना सांगा.